बाबांच्या ट्रेलरची टाकी

लोर्नाताईस धाकट्या वेंडेलचा ताठ मानेने नमस्कार.

बाबांच्या राहायच्या ट्रेलरची टाकी कालपासून गळत नाही. हे मी म्हणत नाही. तुझ्या भावजयीने, बर्निसने, खाली वर्तमानपत्र अंथरून, त्यावर स्वतः आडवं होऊन खात्री केली आहे. (वर्तमानपत्र कोरडं निघालं. बर्निस अजून कंबर धरून चालते.) तुझा गुडघा कसा आहे? भाओजींचं ब्लडप्रेशर?

ईस्टरच्या जेवणात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "वेंडेल, जुन्या ट्रेलरांच्या मेळाव्यात हिच्यातून एक थेंब जरी पडला, तर माझ्या अर्ध्या वाट्यासकट ही भंगारात!" तेव्हापासून माझी झोप उडाली. भांडी धुतलेलं सांडपाणी साठवायची ही टाकी बाबांइतकीच हट्टी. आधी सिलिकॉन फासलं. ते सायीसारखं सोलून हातात आलं. मग पट्टी चिकटवली. पट्टी टिकली, शेजारी नवी चीर पडली. आपल्या क्लबातला मर्ल (त्याच्या ट्रेलरमध्ये सगळं नवं, मालक तेवढा जुना) कुंपणावरून म्हणाला, "वेंड्या, तुझ्या गाडीखालचं गवत काय माजलंय रे! नवी टाकी बसव की." नवी मिळते, पण तिच्यासाठी बाबांनी स्वतः ठोकलेली फळ्यांची जमीन कापावी लागते. शिवाय मेळाव्यात दार उघडं दिसलं की लोक आत शिरतात, वाकून खालूनही बघतात. त्यांना काय नवी टाकी दाखवू?

शेवटी कळलं, या प्लास्टिकला त्याच जातीचं प्लास्टिक धरतं. तुकडे बर्निसच्या नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवले, लापशी झाली, ती चिरेत भरली. वाळल्यावर टाकी काठोकाठ भरून खड्ड्याखड्ड्यांतून गावाला फेरी मारली. मर्ल थेंब टिपायला मागून मोटारीने येत होता. एकही मिळाला नाही. परतल्यावर त्याने टोपी काढली. (टकलापायी तो चर्चमध्येही काढत नाही.)

तेव्हा ताई, भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळव. तुझा खालचा बिछाना झाडून ठेवला आहे.

तुझा,
वेंडेल

ता. क. : ठिगळ लाल-पिवळं-निळं दिसतं. ख्रिसमसला भाओजी त्यांच्या जोडायच्या ठोकळ्यांची पेटी आमच्या गॅरेजात विसरले ना, ते ठोकळे नेमके त्याच प्लास्टिकचे निघाले. आता थोडे हिरवे उरलेत. भाओजी त्यांच्या ठोकळ्यांच्या दीपगृहासाठी लाल शोधतायत असं ऐकतो. तू काही बोलू नकोस.

आणखी एक : संडासाची टाकी परवापासून जरा ओलसर वाटते. तुमच्या तळघरात दुसरी पेटी आहे ना? ती तुझ्या कपड्यांच्या बॅगेत तळाशी घाल. शुक्रवारी दुपारी आम्ही तुला मेळाव्याला न्यायला येऊ. भाओजी तेव्हा तळ्यावर मासे धरत बसलेले असतील, असा बर्निसचा अंदाज आहे.