डोरिसची पाठ

४ मार्च, मंगळवार

झालं! डोरिसला उतरवणार. डावा पाय आतून गंजलाय, जोराचा वारा सुटला तर कोसळेल म्हणे. अकरा मीटर उंच काँक्रीटची कोंबडी शाळेच्या बसवर कोसळली तर — आणि ती बस रोज दोनदा तिच्याखालून मीच नेते! — तर काही बरं दिसणार नाही.

पाय नवे होणार, चौथरा नवा होणार, मग क्रेनने परत बसवणार. आणि या वेळी तोंड कुठे करायचं ते गाव ठरवणार! वॅल पिकरिंगने पोस्टाच्या दारात सांगितलं. वॅल म्हणजे डोरिस समितीची अध्यक्ष, तिचं कुजबुजणंही रस्त्यापलीकडे ऐकू जातं. मी तिथल्या तिथे ठरवलं. बावन्न वर्षं पुष्कळ झाली. आता ती सरळ बसणार. बाबांसाठी.

६ मार्च

डोक्यातून जात नाही. हमरस्त्याने गावात येणाऱ्याला आधी दिसते पाटी — ‘विरिगन आपलं स्वागत करत आहे’ — आणि पाटीच्या वर कोंबडीचं ढुंगण. तोंड गावाकडे, शेपूट साऱ्या जगाकडे! १९७३ साली ती बसवली तेव्हा क्रेनवर बाबा होते. बँड होता, मंत्री होते, सगळं गाव उन्हात उभं. आणि बाबांनी उलटी बसवली. म्हणाले, चुकलं माझं. संध्याकाळपर्यंत बोल्टांवर सिमेंट ओतून झालं, क्रेन दुसऱ्या कामावर गेली, आणि राहिलं ते राहिलं.

तेव्हापासून आल्बी टॉड हे नाव कोणी घेत नाही. उलटा आल्बी. बारमध्ये त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवतात. शाळेत मी उलट्याची पोर. माझ्या लग्नात केकवरचे नवरानवरी कोणीतरी पाठमोरे उभे केले होते. बाबा सगळ्यांबरोबर हसले. मला आजवर एकदाही हसू आलेलं नाही.

९ मार्च, रविवार

बाबांना सांगितलं. वाटलं, म्हातारा खूश होईल. ते भोपळा चिरत होते. वर न बघता म्हणाले, ‘राहू दे गं, लिंडल.’ मी म्हटलं, अहो, तुमच्या नावावरचा डाग जाईल! तर सुरी ठेवून टोमॅटोंना पाणी घालायला निघून गेले. सकाळीच घातलं होतं!

ऐंशी वर्षांच्या माणसाला मुलीचे उपकार नको वाटत असतील. असू दे. मी थांबणार नाही.

१५ मार्च, शनिवार

घरोघरी हिंडले. एक्केचाळीस सह्या. पाय भरून आलेत.

बारमालक डेझकडे शेवटी गेले. नावं ठेवण्यात तो सगळ्यांच्या पुढे, म्हणून मुद्दाम शेवटी. म्हणाला, ‘ती सरळ झाली तर तुझ्या बापाला मी हाक काय मारू?’

‘त्यांच्या नावाने मार,’ म्हटलं.

बराच वेळ ग्लास पुसत राहिला. मग सही केली. शाबास!

२३ मार्च, रविवार

वॅलने इंटरनेटवर गावाच्या पानावर बातमी टाकली आणि पत्रांचा नुसता पाऊस. गावातल्यांची नाहीत — गाव सोडून गेलेल्यांची! पर्थ, लंडन, कुठे कुठे. सगळे माझ्यावर उखडलेत.

कोणाच्या घरी नियम आहे, गावी येताना शेपूट ज्याला आधी दिसेल त्याला गाडीत पुढची सीट मिळते. कोणी लंडनला स्वयंपाकघरात तिचा फोटो लावलाय, पाठमोराच. पर्थच्या एका नर्सने लिहिलंय: वडील गेले तेव्हा मी दोन दिवस गाडी चालवत आले, डोळ्यांतून टिपूस नाही. वळणावर ती शेपूट दिसली आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. ‘तोंड पाहुण्यांना दाखवतात,’ ती म्हणते. ‘घरचं माणूस आलं की आई चुलीकडून वळतसुद्धा नाही. आलीस? बूट बाहेर काढ, म्हणते. डोरिस तसं म्हणते.’

पत्र दोनदा वाचलं. मग रागाने भांडी घासली.

कारण मलाही आठवलं ना! संसार मोडून अ‍ॅडलेडहून आले तेव्हा लेक टॅम्सिन मागच्या सीटवर झोपलेली, सामान कोंबलेलं, डोक्यात एकच — लोक काय म्हणतील. आणि समोर ती भली थोरली शेपूट. वाटलं, पोचलो बाई एकदाचे! हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

२ एप्रिल

टॅम्सिनचा डार्विनहून फोन. तिच्याही कानावर गेलंय. ‘आई, हे तू कोणासाठी करतेयस?’ आजोबांसाठी, म्हटलं. आजोबांना विचारलंस का, म्हणाली.

बस सुटायची वेळ झाली सांगून फोन ठेवला. शाळेला सुट्टी नव्हती, पण बस तासाभराने होती.

१० एप्रिल, गुरुवार

काय लिहू!

हॉलमध्ये सभा. मी भाषण लिहून, पाठ करून गेले होते. बाबांना ओढून आणून पुढच्या रांगेत बसवलं होतं. मतदानाआधी लान उठली — अ‍ॅडलेडहून आलेली इंजिनिअर पोरगी, कामाचं बोलणारी. म्हणाली, एक गोष्ट सांगायचीय. डोरिस उतरवल्यावर चौथऱ्यावरचं जुनं सिमेंट फोडलं. खाली चार बोल्ट. तीन एका मापात, चौथा मुद्दाम आत सरकवलेला, म्हणजे कोंबडी एकाच बाजूने बसावी. बोल्ट चौथऱ्यात पक्के केलेले, क्रेन येण्याच्या कितीतरी आधी. पण बोल्ट कुठे बसवायचे त्या खुणाच उलट्या आखलेल्या. ‘क्रेनवाल्याच्या हातात काहीच नव्हतं,’ ती म्हणाली. ‘कोणीही असता तरी अशीच बसली असती.’

मग डेझ उभा राहिला. टोपी काढली. ‘आल्बी,’ म्हणाला — आल्बी! नुसतं आल्बी! — ‘आम्ही गाढव आहोत.’ टाळ्या थांबेनात. वॅल रडली. मी तर हुंदके देत होते. बावन्न वर्षं! आणि त्यांची चूकच नव्हती!

बाबा मात्र पांढरेफटक. कोणीतरी मागून विचारलं, मग खुणा आखल्या कोणी? बाबा इतक्या चटकन बोलले की मी दचकलेच: ‘ते सगळे गेले आता. सोडा तो विषय.’ मग लानला विचारत होते, जुना चौथरा कधी फोडणार. आनंद नाही, काही नाही. धक्का बसला असेल.

मत मागितलं तेव्हा माझं भाषण पिशवीतच राहिलं. आता कशाला सरळ करायची? नाव तर धुऊन निघालं. ती पर्थची नर्स डोळ्यांसमोर आली आणि मी शेपटीसाठी हात वर केला. एक्केचाळीस सह्या गोळा करणारी मी! लोक हसले, मीही हसले. त्रेसष्ट विरुद्ध एकोणीस. शेपूट रस्त्याकडेच.

१८ एप्रिल

बाबा जेवण निम्मं टाकतात. रस्त्यात लोक थांबवून हात मिळवतात तर हे अंग चोरतात. कौतुकाची सवय नाही, दुसरं काय.

१० मे, शनिवार

बसली! नव्या पायांवर, पांढरीशुभ्र, तोंड आपल्याकडे, शेपूट जगाकडे. सॉसेज संपले, पाव उरले. पर्थची नर्स पोरं घेऊन आली होती, लंडनचा एक जण आला होता. कधीच्या सोडून गेलेल्यांनी गाव भरून गेलं.

क्रेनला हाताने इशारा बाबांनी दिला. त्या कामाचा खरा माणूस बाजूला होता, पण क्रेनवाला बघत होता बाबांकडेच. एकही इशारा चुकला नाही त्यांचा. खाली टेकली तेव्हा डेझ ओरडला, मिस्टर टॉड, झकास! बाबा म्हणाले, ‘उलटाच म्हण रे. सवय झालीय.’ सगळ्यांना गंमत वाटली.

११ मे, रविवार, मातृदिन

आईला पांढरी शेवंती घेऊन गेलो. जाऊन नऊ वर्षं झाली तिला. बाबा थडग्याभोवतीचं गवत उपटत बसले. मी विचारलंच: बोल्टच उलटे होते, तर एवढी वर्षं बोलला का नाहीत?

गवत उपटतच म्हणाले, ‘खुणा हिने आखल्या होत्या. कौन्सिलच्या ऑफिसात नवी होती, नकाशा उलटा धरला. तू पोटात होतीस. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती.’

आईला माहीत होतं?

‘त्याच संध्याकाळी कळलं तिला. सगळ्यांना सांगते म्हणून निघाली होती. मी दार अडवलं. म्हटलं, पर्ल, मला हसले तर मी त्यांच्यात हसेन. तुला हसलेलं मला सोसायचं नाही.’

शेवंती ठेवली. गावात कोणी विचारलं, तर खुणा कोणी आखल्या ते मला माहीत नाही.