आठव्या माळेची सवाष्ण

५ ऑक्टोबर १९४५

घातचौदस. हत्याराने गेलेल्यांचा म्हाळ आज घालतात. सकाळीच थोरले दीर हंबीरराव ओसरीवर बसून म्हणाले, "आये, वरीस झालं. सरकारनं बेपत्ता कळवलं, पर बेपत्ता माणूस बी कवातरी यायला पायजे. कृष्णात आला न्हाई. त्याचं पान कौलावर ठिवूया. उपाशी ऱ्हाईल त्यो."

आत्याबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "माज्या ल्योकाचं पान कावळ्याला जायाचं न्हाई. पुन्यांदा इषय काढलास तर मी चुलीला हात लावणार न्हाई."

दीर उठून मळ्यात गेले. ते वाईट नाहीत. धाकट्या भावाची तारीख कोणती धरायची हेच त्यांना कळत नाही. पण ह्यांचं पान आज कौलावर गेलं असतं तर त्याच पावली माझं कुंकू गेलं असतं. इटलीतून तार आली तेव्हाही आत्याबाईंनीच माझ्या बांगड्यांना कोणाला हात लावू दिला नव्हता. सासू खाष्ट असावी तर अशी!

७ ऑक्टोबर

घट बसले. मागल्या वर्षी पाटलांच्या मनुबाईंनी मला पहिल्या माळेलाच सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं. यंदा माझ्यासमोरून लीलाबाईला, माझ्या जावेला, घेऊन गेल्या. विहिरीवर म्हणाल्या, "तुला तरास नगं म्हनून गं."

त्रास! सवाष्ण व्हायला नवरा जिवंत लागतो, गावात हजर लागत नाही. लढाईत निम्म्या गावाचे नवरे पलटणीत होते तेव्हा त्यांच्या बायकांनी पाटलांच्याच वाड्यात पंक्ती झोडल्या. फार लागलं मला.

८ ऑक्टोबर

आजही कोणाचं बोलावणं नाही.

१० ऑक्टोबर

गुंडा आला! ह्यांच्याच पलटणीतला, वरच्या आळीचा. मी ओढ्यावर धुणं धूत होते. घरी आले तर तो कट्ट्यावर आत्याबाईंशी बोलत बसलेला. पार वाळला आहे. मला पाहून उठून उभा राहिला, जणू मी कोणी साहेब.

विचारायचं ते तोंडातून निघेना. म्हणून म्हटलं, तिकडे खायला काय मिळायचं? तर त्याला धीर आला. एका शेतकऱ्याच्या घरी ह्यांची तुकडी उतरली होती. घरात एक म्हातारी. मक्याचं पीठ आपल्या घाट्यासारखं शिजवायची आणि लांब लाकडी फळीवर ओतायची. सगळे भोवती बसून आपापल्या बाजूनं खात जायचे. ना पान, ना ताट. हे म्हणायचे, "गुंडा, ह्यात वाईच ठेचा असता तर म्हातारीला आईच म्हनलो असतो." हे वाक्य ह्यांचंच. दुसऱ्या कोणाला सुचणार नाही.

मग गुंडा म्हणाला, "पर त्यांचा सण आला तवा ताटं मांडली. काय तर बिया भाजलेल्या, आपल्या फणसाच्या आठळ्यांगत. पाव. लाल दारू. म्हातारीनं कृष्णातचं बी पान वाढलं. मानूस न्हाई, पर पान वाढलं."

आत्याबाई एकदम म्हणाल्या, "पुरं आता. चा निवला."

मला बरं वाटलं. इथे माझ्या वाटचं पान कोणी मांडत नाही आणि तिकडे ना नात्याची ना गोत्याची एक म्हातारी ह्यांची वाट बघत पान मांडते.

११ ऑक्टोबर

आज दोन भाकरी खाल्ल्या. जाऊबाई बघतच राहिल्या.

१४ ऑक्टोबर

आठवी माळ. आत्याबाईंनी पहाटेच पुरण घातलं. मी विचारलं, सवाष्ण कोण? म्हणाल्या, "तू."

घरच्या सुनेला घरात सवाष्ण बसवत नाहीत. बाहेरची बोलवायची असते. मी म्हटलं, लोक हसतील. म्हणाल्या, "लोकांनी बोलवायचं तवा बोलवलं का? बस पाटावर."

परातीत माझे पाय घेतले. सासूनं सुनेचे पाय धुवायचे म्हणजे उलटी गंगा. मी पाय ओढून घ्यायला लागले तर घोटा घट्ट धरून ठेवला. हळदकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भजी. स्वतः आठ दिवसांच्या उपाशी, आणि माझ्या पोळीवर तूप ओतताना हात आखडेना. "खा. आणिक येक घे." मी चार पोळ्या खाल्ल्या. दारावरून मनुबाई चालल्या होत्या, त्यांना मुद्दाम हाक मारून प्रसाद दिला. मी मनात म्हटलं, जिरवली!

लग्नानंतर इतकं मानानं मी कधी जेवले नव्हते.

१६ ऑक्टोबर

दीर मळ्यातून उशिरा येणार होते. जाऊबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. मी बघत राहिले. आपल्यात येणाऱ्याचं ताट झाकून ठेवतात. माणूस नसताना पान वाढतात ते कोणासाठी?

त्यांच्याकडे वेगळं असेल. देश वेगळा, देव वेगळा. तरी घास उतरेना.

१७ ऑक्टोबर

गुंडाच्या घरी गेले. विचारलं, "भावजी, ते पान वाढलं तो सण कसला होता?" तो दाव्याला पीळ देत होता. पीळ उलटा सुटत गेला तरी बघेना.

"वैनी, त्यो त्यांच्या मेलेल्यांचा दीस. घरोघर पान वाढत्यात. म्हातारीनं मला खुणेनं इचारलं, तुजं कोण गेलं? मी कृष्णात म्हनलो." मग म्हणाला, "नदीच्या काठाला जीव गेला त्याचा. माती मीच लोटली. पलटणीत कुनी लिवून घेतलं न्हाई, धांदल हुती."

मी तिथे रडले नाही. वाटेत ओढ्याकाठी बसून रडले. आता आत्याबाईंना कसं सांगू? सगळ्या गावाशी एकट्या भांडल्या त्या. त्यांचा पोरगा मी कोणत्या तोंडानं मारू?

१८ ऑक्टोबर

चुलीपाशी बसले होते. आत्याबाईच म्हणाल्या, "गुंडाकडं जाऊन आलीस न्हवं? मला त्यानं आल्या दिवशीच सांगितलं. मीच म्हनलं, दसऱ्यापतोर तिला कळू देऊ नगंस. येकडाव तुला सवाशीण म्हनून पोटभर जेवू घालायची हुती, पोरी. ह्याच्या फुडं कोण घालंल?"