उत्तरेला तोंड करून बसलेलं इंजिन

येलदरी, ता. जिंतूर
दसऱ्यानंतरचा रविवार, १९८७

प्रिय मनकर्णाताईस,

सुमनचा दंडवत. गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? (बिडी सुटली म्हणू नकोस, तुझ्या मागच्या पत्रालाच वास येत होता.)

काल धुणं भिजवताना एकदम आपल्या हैदराबादच्या बोर्डिंगचा हौद आठवला. तू नववीत, मी आठवीत. रविवारी सगळ्या मुली चॅपलमध्ये, आणि आपण दोघी पोटदुखी सांगून हौदाच्या कठड्यावर. गेटाबाहेरच्या बाईकडून घेतलेली सीताफळं खायची आणि बिया तुझ्या ॲल्युमिनियमच्या साबणडबीत भरून डबी पाण्यात सोडायची. या बिया म्हणजे उतारू. मग एक दिवस डबी नाहीशी झाली, आणि सिस्टर बर्थांनी वस्तू हरवल्याबद्दल तुझं आठवडाभराचं गोड बंद केलं. तू रडली नाहीस, माझ्याकडे बघून नुसती हसलीस. ते हसणं अजून बोचतं. का, ते शेवटी सांगते.

त्या सीताफळांच्या बिया मी सासरी आणल्या होत्या हे तुला ठाऊक आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी नदीपलीकडच्या टेकाडावर लावल्या, त्यातली बावीस झाडं जगली. पुढे धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आम्ही अलीकडे आलो, आणि टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं. समोर दिसतं, पण जायचं तर जिंतूरहून वळसा घालून दोन एस.टी., वर दीड कोस चालणं. त्यात कधी मोर्चा, कधी बंद. गेली चार वर्षं फळं माकडांनीच खाल्ली. शेवटी आमचे हे (हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, घरात अजून व्हायचेत) म्हणाले की बाग दत्तरावला देऊन टाकू. दत्तराव म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, धोतर असं कडक इस्त्रीचं की बसताना आवाज होतो. त्यांना झाडं तोडून तिथं वीटभट्टी घालायची आहे.

ताई, मी आयुष्यात दोनदाच हट्ट केला. पहिला तुझ्याबरोबर बोर्डिंगला जायचा, दुसरा हा, बाग न देण्याचा. ह्यांनी अट घातली : दसऱ्यापर्यंत नावेनं पलीकडे पोचून परत आलीस तर बाग तुझी, नाहीतर दत्तरावची. दत्तराव साक्षीदार!

नांदेडच्या एका ठेकेदाराची जुनी मोटारबोट मिळाली. अंग ठणठणीत, पण इंजिन पेट्रोलचं. ते गोड गायचं आणि म्हशीसारखं प्यायचं. पेट्रोल आणायचं जिंतूरहून, आणि रुसलं तर समजूत काढणारा नांदेडला. डिझेलचं पिंप मात्र विहिरीच्या इंजिनासाठी आमच्या ओसरीतच असतं. दत्तराव कळवळून सांगू लागले की वहिनी, पेट्रोलचंच ठेवा. तेव्हाच मी डिझेल नक्की केलं. चारठाण्याचे गिरणीवाले तात्याराव म्हणाले, "बाई, पेट्रोल म्हंजी टांग्याचं घोडं. डिझेल म्हंजी बैल. लय हळू चालंल, पर मधीच बसणार न्हाई."

मग सेलूला एका बंद पडलेल्या गिरणीचं इंजिन बघायला गेलो. आमच्याकडे इंजिन बैलासारखंच पारखतात. पंडित मिस्त्रीनं (चारठाण्याचाच, चाळीस विहिरींवर ह्याच्याच हातची इंजिनं) त्याच्या पाठीवर थाप मारली, ते चालू करून धुराचा वास घेतला, हादरे बघायला टाकीवर रुपया उभा केला. रुपया पडला नाही. मी खोंडाची दृष्ट काढतात तशी इंजिनाची काढली. ट्रॅक्टरवर घालून निघालो, तर देवगाव फाट्यावर टायर फुटलं. तिथल्या चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत प्रत्येकानं येऊन रुपया उभा करून बघितला.

आता नीट ऐक. नाव काठावर होती, नाक पाण्याकडे, म्हणजे दक्षिणेला. इंजिनाचं तोंड नावेच्या नाकाकडे हवं. पंडितनं ते ठेवलं आणि कपाळावर हात मारला. "दक्षिणेला तोंड करून देव बसवत न्हाईत, आन् इंजिन बसवू? दसऱ्याला पूजा कशी करावी?" चाळीस विहिरींवर एकही इंजिन त्यानं यमाच्या दिशेला तोंड करून बसवलेलं नव्हतं. त्यानं ते फिरवलं, दुसऱ्या टोकाला पंख्याचा दांडा जोडला, बोल्ट आवळले. इंजिन उत्तरेला तोंड करून प्रसन्न बसलं. तात्यारावांनी मान डोलावली, ह्यांनी डोलावली, मीही डोलावली. नाव पाण्यात गेल्यावर वळेल आणि तिच्याबरोबर दिशाही, हे चौघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. (सिस्टर बर्थांनी भूगोलात मला पहिलं बक्षीस दिलं होतं.)

दसऱ्याला हळदकुंकू, नारळ. नाव पाण्यात ढकलली. मागच्या टोकाशी काठावर दत्तराव, नव्या धोतरात. पंडितनं हँडल मारलं, इंजिन धडधडलं, पण ते उलटं बसल्यानं पंखाही उलटा फिरला, आणि नाव पुढे जायची ती मागे उसळून काठावर चढली. पंख्यानं जेवढा गाळ उचलला तेवढा दत्तरावांना अर्पण केला. ते डोळे पुसत म्हणाले, "झालं! बाग माझी." हे खाली मान घालून उभे होते. ताई, ती बावीस झाडं मला त्या क्षणी एकेक दिसली.

बोलल्या त्या शेजारच्या धुरपताबाई. त्यांची लेक पलीकडे दिलेली, म्हणून पालेभाजीच्या पेंड्यांचं गठुडं घेऊन सकाळपासून नावेत बसल्या होत्या, आणि एवढ्या गडबडीतही उतरल्या नव्हत्या. "आगं सुमनबाई, त्याला मागंच जायचंय तर जाऊ दे की! शेपूट त्या गावाकडं कर. जनावर तोंडानं पोचलं का शेपटानं, कोन इचारतंय?"

नाव फिरवली. शेपूट पुढे, नाक मागे, नाकावर वल्हं धरून मी, आणि ताई, नाव निघाली! वीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. सगळ्यांची तोंडं मागे, त्यामुळे जिथं जायचं ते दिसतच नव्हतं. दिसत होतं ते बुडालेल्या गावावरचं पाणी, हळूहळू लांब जाणारं. हे बोट दाखवून हळूच म्हणाले, इथं शाळा होती.

पलीकडे पोचलो, परत आलो. दत्तराव काठावरच, गाळ वाळलेला. उलटं जाणं धरायचं नाही, म्हणाले. ह्यांनी चष्मा पुसला. "अट पोचायची होती, दत्ता. कुठल्या टोकानं, ते ठरलं नव्हतं." सदतीस वर्षांत हा माणूस मला इतका देखणा कधी दिसला नव्हता.

सर्वांना यथायोग्य.

तुझी,
सुमन

ता. क. दत्तराव उलट्या नावेला हसू लागले तेव्हा मी भर काठावर सांगून टाकलं की डिझेलच्या बोटी विलायतेत अशाच चालतात, मी बोर्डिंगच्या पुस्तकात वाचलंय. आता सगळा तालुका बघायला येतो आणि मी खुलासे करते. तेव्हा दाजींना (रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षं पाने फिरवलेत ना?) दिवाळीला घेऊन ये. सीताफळं खायला आलो म्हणायचं. पाने गादीत गुंडाळून आणा. दुपारी गाव झोपलं की इंजिन फिरवून घेऊ. पंडितला कळता कामा नये, त्याचं मन मोडेल.

ता. क. २ : पहिल्या तोडीच्या सीताफळांच्या पाट्या तात्यारावांचा माणूस घेऊन निघालाय. हैदराबादेत तुमच्याच गल्लीत दत्तरावांचा मुलगा राहतो. मोठी पाटी त्याची, वर धुण्याच्या साबणाची वडी आहे ती वडिलांकडे पोचवायला सांग. मधली दाजींची, खोकला थांबल्यावर. लहान पाटी तुझी एकटीची. ती तळापर्यंत रिकामी कर. खाली फडक्यात तुझी साबणडबी आहे. हरवली नव्हती, मीच लपवली होती. मला ती फार आवडायची. तीत आपल्या बागेतल्या बिया भरल्यात, त्या सिस्टर बर्थांच्या कबरीजवळ लाव. डबी हौदात सोडून बघ. ती अजून सरळ जाते.