लावणीच्या पंधरवड्यातले पाहुणे

मळवली, जुलैअखेर

रा. रा. निवृत्तीशेठ यांस गोरखचा रामराम.

आपला बंगले-बुकिंगचा प्रोग्राम साफ करून घेतला, त्याचा खरा खर्च असा: मशीनचे अडीच दिवस, अनघाचे तीन आठवडे, एक जळलेला पंखा (मशीन तापतं म्हणून माझ्या डोक्यावरचा तिकडं वळवला होता) आणि रतनबाईंचा अबोला, जो अजून चालू आहे. तुझी तब्येत कशी? बंगळुरात गुडघा दुखतो का? इकडं सगळं उत्तम. तू गेल्याला सहा वर्षं झाली, पण तुझ्यावाचून काही अडलं नाही. तुला फोन करायची वेळसुद्धा आली नाही, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगतो.

अनघा म्हणजे आपली नवी प्रोग्रामर, वडगावची. (आवाज बारीक, पण तुझा कोड उघडल्यावरचं "हे कुणी लिहिलंय?" थेट फाटकापर्यंत ऐकू आलं.) ती म्हणाली, हातानं साफ करायला वर्ष जाईल, मशीनलाच वाट शोधू द्या. मशीन एक बारीक बदल करतं, इथला तुकडा तिथं, दोनाचा एक, आणि चाचण्या घेतं. नापास, तर बदल टाकून देतं. पास, तर गुण देतं; मांडणी आटोपशीर तेवढे गुण जास्त. असे हजारो बदल. मधूनच मुद्दाम एखादा वाईट बदलही ठेवतं, पुढं चांगली वाट सापडावी म्हणून. (धंद्यात मी जन्मभर हेच केलं, फक्त मला वाटायचं माझं चुकतंय.) आतली मांडणी नवी, बाहेरचं वागणं तेच, असा करार.

आता वागणं काय, हे मालकानं सांगायचं, त्यावरून चाचण्या. मी छाती पुढं काढून बावन्न गोष्टी सांगितल्या. मशीननं त्या बावन्न जपल्या, आणि ज्याबद्दल एकही चाचणी विचारत नव्हती ते अडगळ समजून काढलं. कोड निम्मा झाला. आम्ही पेढे वाटले.

मग जुलैत रतनबाईंचा फोन. (आपल्या सगळ्यात जुन्या बंगल्याची राखण त्याच करतात.) मागून बेडूक आणि बांधावर उभ्या राहिलेल्या कुणा मुंबईकर बाईंचं "किल्ली कुठाय?" दोन्ही ऐकू येत होतं.

"सायेब, पावनं अकरालाच आलं! मी गुडघाभर चिखलात. भातलावणीत पावनं चारच्या आत कदी आलं व्हतं का?"

"बाई, आपली वेळ अकराचीच."

"न्हाई. चौदा वरसं लावणीत चारच हाय. तुमीच ठिवली ना आमच्यासाठनं? समदे दुवा देत्यात तुमाला."

मी समजत होतो, पाहुणे घाटातल्या कोंडीमुळं उशिरा येतात. अनघानं जुनी प्रत उघडली. सात ओळी निघाल्या: लावणीच्या पंधरवड्यात, ज्या राखणदारांचं शेत आहे त्यांच्या बंगल्यांना वेळ चारची. वर तुझी टीप, 'गोरखला सांगू नये. तो नाही म्हणेल.'

ती टीप मी आठ वेळा वाचली, निवृत्ती. तू हे सगळं नीट मांडायला सहा महिने मागितले होतेस. मी म्हणालो, चालतंय ना, मग हात लावू नको. तू हात काढून घेतलास तो पार बंगळुरापर्यंत. तू कीबोर्ड बडवायचास, तेव्हा बाहेर बसून मला कळायचं की काम जमलंय की अडलंय. अनघाची बोटं आवाजच करत नाहीत. स्टेशनबाहेर अजून तोंडातून "दोन चहा" निघून जातं, दुसराही मलाच प्यावा लागतो. पित्त झालंय.

सात ओळी परत घातल्या, त्रेपन्नावी चाचणीही लिहिली. मशीननं गुण कापले. कापू दे. रतनबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या "तरीच!" म्हणाल्या, ते शेवटचं.

तुझा,
गोरख

ता. क. अनघा विचारते, अशा आणखी किती ओळी लपवल्यात? तूच समोर बसून सांगितल्याशिवाय ती मशीन पुन्हा चालू करणार नाही. चार दिवस ये. नाहीतर ते सहा महिनेच ये.

ता. क. २. पत्ता कान्हे गावी जाऊन तुझ्या भागुबाई मावशीकडून आणला. फोन नंबर मागितला तर म्हणाली, "त्यालाच इचार." तेव्हा नवा नंबर कळव. जुना जानेवारीपासून बंद आहे. मी दर रविवारी लावून बघतो.