तुम्ही सांगितलेलं औषध

अप्पा, अक्का तुमच्या औषधानं मेली नाही. एवढं एकच वाक्य सांगायचं होतं, आणि ते सांगायला तुम्ही असताना मला नऊ वर्षं मिळाली होती. त्या नऊ वर्षांत मी कितीदा शिरूरला आले, तुमच्या पुढ्यात बसून भाकरी खाल्ली, दुकानाच्या पायरीवर बसून तुमच्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या, पण हे वाक्य तोंडातून निघालं नाही. आता तुम्हाला जाऊनही तीस वर्षं होत आली. मी स्वतः आजी झाले, गुडघ्यांना तेल लावून घेते, आणि नांदेडला घराच्या मागच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. हे कोणत्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही, म्हणूनच बहुतेक लिहायला जमतंय.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाचं हे. मला तिथल्या नव्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली होती. भाड्याच्या खोल्यांत कचेरी, जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेले दफ्तरांचे गठ्ठे, आणि नवे कागद छापून येईपर्यंत जुन्याच कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव मी एक्स मारून खोडायची. नवरा विष्णुपुरीला धरणाच्या कामावर, पंधरा दिवसांनी येणार. घरी मी आणि तीन वर्षांची लेक. पावसानं दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवली आणि शिरूरची विहीर आटली, तेव्हा मीच तुम्हाला लिहिलं की पाऊस पडेपर्यंत इकडे या. अव्वा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आईमागं तुम्ही तिथं एकटेच. तुमचं उत्तर आलं, ‘मी आणि अक्का मंगळवारी येतो.’ नवऱ्यानं ते वाचून मला विचारलं, ही अक्का कोण, तिची झोपायची सोय कुठं करायची. ती तुमची तांबडी कुत्री आहे हे सांगितल्यावर तो हसला नाही. दोन खोल्या होत्या आमच्या, शिवाय जिन्याखालचा बोळ.

तुम्ही आलात ते एक वळकटी, एक पोतं आणि अक्का घेऊन. पोत्यात काय असणार ते मला ठाऊक होतं. शिरूरात तुमचं काष्ठौषधीचं दुकान, वेखंड, हिरडा, बाळंतिणीचे काढे, पण आसपासच्या गावांतून लोक यायचे ते तुमच्या गोचिडाच्या औषधासाठी. शेळी असो, वासरू असो, राखणीचं कुत्रं असो. दुष्काळात जनावराच्या अंगात जीव राहत नाही आणि गोचिडाला तेवढंच फावतं. लातूरला आल्यावर आठवड्याभरात अक्काच्या कानांत गोचीड दिसायला लागले आणि आमच्या अंथरुणात पिसवा. लेकीच्या पोटरीवर लाल गांध्या उठल्या. तुम्ही लगेच भांडं चढवलंत. सीताफळाच्या बियांचं कूट, कडुनिंबाचा पाला, निर्गुडी, वेखंडाचा एक तुकडा. पाणी टँकरचं, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी तुम्ही दिवसभर साठवायचात. रात्रभर मुरवून सकाळी तीन पदरी फडक्यातून गाळायचं. आणि मग ते भरायचात कशात, तर माझ्या लग्नातल्या पितळी गुलाबदाणीत. फडक्याच्या एका पट्टीनं अक्काचे डोळे बांधायचे, कारण सीताफळाचं बी डोळ्याला वाईट, लेकीला दारात उभं करायचं, आणि मानेपासून शेपटापर्यंत शिंपडत जायचं. लेक टाळ्या वाजवायची. तुम्ही म्हणायचात, “वऱ्हाड आलंय समज. मान करावा लागतो.” पुढं बोळात, गादीच्या शिवणीत, उंबऱ्याला. दर तिसऱ्या दिवशी. पंधरा दिवसांत पिसवा गेल्या, गांध्या बसल्या. औषध लागू पडलं होतं, हे मी आज लिहून ठेवते. तेव्हा मी ते एकदाही म्हणाले नाही.

कारण मला वास यायचा. माझ्या साड्यांना, केसांना, डब्यातल्या भाकरीला. कचेरीत शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, “मॅडम, तुमच्या बाजूला बसलं की डास चावत नाहीत.” सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन तुमच्याशी दोन दिवस तुटक बोलले. त्यात घरमालकीण. तिनं एकदा जिन्यात मला थांबवून सांगितलं, “त्या पाल्याच्या पाण्यानं काय होतंय ओ? आमच्याकडं औषध हाय की. औंदा पेरणीच न्हाई, डबा तसाच पडलाय.” तो बियाण्याला लावायच्या पांढऱ्या भुकटीचा डबा होता, जिन्याखालीच. तुम्ही आतून ऐकलं होतं. बाहेर येऊन शांतपणे म्हणालात, “नगं बाई. ते बियाला. जितराबाला न्हाई. चाटतंय ते, अन् पोटात जातंय.” तुमचं हे वाक्य मी ऐकलं, अप्पा. मी तिथंच उभी होते. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडं डॉक्टर देतो तेही औषध आणि ज्वारीवर फवारतात तेही औषध. कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं तरी लोक म्हणतात, औषध घेतलं. माणसाला औषध देतात, जनावराला पाजतात किंवा लावतात, आणि पिकाला औषध मारतात. तुमच्या बोलण्यात मात्र अक्कालाही औषध ‘मारायचं’ असायचं, कारण तुम्ही ते शिंपडायचात. तेवढ्या एका शब्दाच्या आडोशाला मी इतकी वर्षं उभी आहे.

तो रविवार. आमचे साहेब आणि त्यांच्या बाई दुपारी चहाला येणार होते. कुणाला कायम करायचं याची यादी त्याच महिन्यात व्हायची होती. तुम्ही विभूती लावून मठात निघालात, चपला पायात सरकवता सरकवता म्हणालात, “आज तिसरा दिवस हाय. अक्काला औषध मार. पोरीला लांब ठेव.” “हाव,” मी म्हणाले. भरलेली गुलाबदाणी कोनाड्यात होती. मी तिच्याकडे पाहिलं, तो वास पुन्हा घरभर होणार, बाई नाकाला पदर लावणार हे डोळ्यांपुढं आलं, आणि मी जिन्याखालून तो डबा काढला. चिमूटभरच, असं स्वतःला सांगितलं. चिमटीनं सुरुवात केली आणि मुठीनं संपवली. अक्का शहाणी, डोळे बांधायला मान पुढं करून बसली होती. मी ते बांधलेही नाहीत.

साहेब आले, चहा झाला. बाई म्हणाल्या, घर छान ठेवलंय हो. मला फार बरं वाटलं. तेवढ्या वेळात बोळात अक्का अंग चाटत होती आणि लेक तिच्या गळ्यात हात टाकून बसली होती. पाहुणे गेल्यावर बघते तर अक्काच्या तोंडाला फेस, मागचे पाय थरथरतायत. तासाभरात ती गेली. आणि पोरीनं ओकायला सुरुवात केली. तुम्ही मठातून आलात ते थेट आम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, काय पोटात गेलंय. तुम्ही पोरीसाठी पाणी शोधायला बाहेर गेला होतात. मी त्यांना हळूच खरं सांगितलं, बियाण्याची भुकटी. त्यांनी तिचं अंग साबणानं धुवून काढायला लावलं, औषधं दिली, आणि संध्याकाळपर्यंत पोर भात मागायला लागली. म्हणजे खरं बोलायला मला येत होतं. परक्या माणसाला मी ते अर्ध्या मिनिटात सांगितलं.

घरी आल्यावर तुम्ही मला विचारलंत, “कोणतं औषध मारलीस?” मी म्हणाले, “तुम्ही सांगितलेलं.” तुम्ही पोत्यातून तुमचा लहान तराजू काढलात, उरलेल्या बिया ओंजळीत घेतल्यात आणि एक मूठ तोलून पाहिलीत. पुन्हा एक. पुन्हा एक. “हमेशा दोनच मुठी टाकतो,” तुम्ही म्हणालात, “मूठच मोठी पडली आसंल. हात कापाय लागलाय माजा.” आणि तुम्ही तो हात दिव्याखाली उघडून बघत बसलात. मी भाकरी थापत होते. माझी पाठ तुमच्याकडे होती आणि मी ती तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या पडीक रानात तुम्ही अक्काला पुरलंत, जमीन दगडासारखी, खड्डा खणायला दुपार झाली. तिच्या कपाळाला विभूती लावलीत. भांड्यातला काढा गटारात ओतलात. पाऊस पडायची वाटही न बघता शिरूरला परत गेलात.

त्यानंतर तुम्ही कुणालाच ते औषध दिलं नाही. मी सुट्टीत आले होते तेव्हा एक धनगर बाई पदराखाली शेळीचं पिल्लू घेऊन आली होती, कान गोचिडांनी भरलेले. ती म्हणाली, “अप्पा, तुमच्या हाताचा गुण हाय.” तुम्ही म्हणालात, “चुकतो आता हात. दुसरीकडं दाखीव.” ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. दुकानात जिरे, हळद, हिंग तेवढं उरलं. आणि नातीला उचलून घ्यायच्या आधी तुम्ही प्रत्येक वेळी हात धुवायचात, पाण्याची एवढी टंचाई असताना, साबण लावून. मी ते बघायची आणि तुम्हाला टॉवेल द्यायची. मला लाज वाटते, अप्पा. साधा शब्द आहे, पण दुसरा सापडत नाही.

पुढं कितीतरी वर्षं मी मनाशी एक समजूत बाळगली की तुम्हाला कळलं असणार. तुमचं नाक तसं होतं, पुडी न सोडता आत काय आहे ते सांगायचात. मला वाचवायला तुम्ही गप्प राहिलात, असं वाटून घेतलं की झोप लागायची. पण एक गोष्ट मघाशी लिहायची मी टाळली. अक्का फेस गाळायला लागली तेव्हा मी तिला दोन तांबे पाणी घालून धुतलं, तिला वाचवायला की भुकटी लपवायला, ते मला आजही छातीला हात लावून सांगता येत नाही. आणि ती गेल्यावर मी कोनाड्यातली गुलाबदाणी घेतली आणि तुमचं औषध तिच्या अंगावर शिंपडलं. सगळं. तुम्ही आलात तेव्हा तिला तुमचाच वास येत होता. तुम्हाला काही कळलं नव्हतं. कळलं असतं तर तुम्ही तराजू काढला नसतात.

तुमची नात आता मोठी बाई आहे, इथंच जवळ राहते. तिनं एक पांढरं कुत्रं पाळलंय, सोफ्यावर झोपतं. त्याच्यासाठी ती बाटली मागवते, वर हिरवी पानं छापलेली, रसायन नाही असं लिहिलेलं. परवा तिनं माझ्यासमोर ती फवारली आणि वास ओळखीचा निघाला. कडुनिंब, निर्गुडी, सगळं तेच, जरा लिंबाचा वास वर. तिची सासू, माझी विहीणही होती तिथं. लेक हसत हसत तिला सांगायला लागली, आमच्या आजोबांनी असलंच एक औषध केलं होतं, त्यात कुत्री गेली आणि मी मरता मरता वाचले. ही गोष्ट ती शाळेत असल्यापासून सांगते. तिला ती मीच सांगितली आहे. विहीण म्हणाली, जुन्या लोकांना प्रमाण कळायचं नाही. मी चहा ओतत होते, आणि मीही हसले.

मग लेकीला काय वाटलं कोण जाणे. बाटलीवरची अक्षरं वाचता वाचता ती म्हणाली, “आई, यात तर तेच तेच आहे गं. ही बाटली आठवड्यात संपते. आजोबांचं तुला येतं का? प्रमाण जपून घेऊ, मी घरीच करून बघते.” मी म्हणाले, इतकी वर्षं झाली, विसरले. विसरले नाही, अप्पा. दोन मुठी बी, ओंजळभर पाला, वेखंड बोटाच्या पेराएवढं, सगळं येतं मला. पण तिनं ते केलं असतं, आणि तिचं कुत्रं धडधाकट राहिलं असतं, आणि मग तिनं मला विचारलं असतं की अक्का कशानं मेली.