घोटलेला कोबा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ११ एप्रिल २०२५

चि. चन्नप्पास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तम्मा, माज्या धाकट्या भावा, नातेपुत्याला सासुरवाडीत लपलायस, तवा सासूच्या हातचं गोडधोड हाणत असशील. फोन बंद ठेवलास ते बरं केलंस, न्हायतर पोलिसांआधी मीच शिव्या घातल्या असत्या. ही चिठ्ठी मानसिंगच्या टेंपोतनं धाडते. तो आपली शेंगाचटणी घिऊन तिकडं येतो, उत्तर त्याच्याच हाती दे.

जोतिराम गवंडी जिता हाय. उजव्या मनगटाची दोन हाडं मोडल्यात, डोक्याला सात टाके. तू फावड्याचा दांडा घातलास तवा शेंग फुटल्यावाणी आवाज झाला. आता चटणीला शेंगा फोडाया बसले की माजा हात थांबतो. गेटाच्या खांबावरचं रगत दोनदा धुतलं, जात न्हाय.

आणि हे सगळं कशापायी, तर कोब्यापायी. टेंपो दारापर्यंत यावा म्हणून फेब्रुवारीत गेटापासनं काँक्रीट टाकून घेतलं, दोन म्हयन्यांत पापुद्रे निघाले, झाडलं की पिठी उडती. म्हणून काय माणूस मारायचा? ल्हानपणी कोंबडीला भिऊन माज्या लुगड्यात शिरणारा तू, एवढा मर्द कवा झालास?

जोतिरामच्या बायकोनं, यशोदानं, तक्रार दिलीया. पोलिस येऊन गेले. मी काय बोलले न्हाय.

जिवाला जप, आमच्यावर जीव हाय तसाच असू दे.

तुजी अक्का,
शरणम्मा

नातेपुते, १५ एप्रिल

ती. अक्कास चन्नप्पाचे शरणु शरणार्थी, पाया पडतो.

कोंबडीचं हितं सासऱ्यापुढं मानसिंगनं मोठ्यानं वाचलं. झालं समाधान?

मला कसला पस्तावा न्हाय. दाजी गेल्यावर एकटी बाई बघून त्या गवंड्यानं तुजं सिमेंट खाल्लं. त्याच्या तोंडात तीच पिठी कोंबली, तवा लोकांनी मला मागं वढलं. वढलं नसतं तर दातबी पाडले असते. तूच फोन केला हुतास की, बघ म्हणं गवंड्यानं मला कशी टोपी घातली. तू हसत हुतीस, पण मला रडूच ऐकू आलं.

म्हयनाअखेर येतो. त्यानं तक्रार मागं घेतली न्हाय तर त्याचा डावा हात अजून शाबूत हाय, हे त्याला सांगून ठेव.

तब्येतीला जप. धाकट्यावरची माया आटू देऊ नको.

तुजा चन्नप्पा

सोलापूर, १८ एप्रिल

चि. चन्नप्पास आशीर्वाद. ही चिठ्ठी मानसिंगच्या हातात देऊ नको, एकटा बसून वाच.

काल जोतिराम आला. हात गळ्यात अडकवलेला, संगं यशोदा. मला वाटलं भांडाया आलेत. तो कोब्यावर उकिडवा बसला, डाव्या हातानं खिळा घालून पापुद्रा उचकटला आणि खाली हातोडा मारला. टणकन वाजलं. खडी जागची हलंना. कच्चा हुता तो वरचा भाकरीच्या पापुद्र्याएवढा थर. मग माज्याकडं बघून त्यानं इचारलं, अक्का, मी गेल्यावर ह्यावर कुणाचा हात फिरला?

माजा फिरला, तम्मा. टायर घसरू नये म्हणून त्यानं ओल्या काँक्रीटवर झाडूनं रेघा वढल्या हुत्या. मला त्या खरबरीत दिसल्या. आई नवी जमीन चोपून गुळगुळीत दगडानं घोटायची न्हाय का? तो गेल्यावर मी पाणी शिंपडलं, कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि गुडघ्यावर बसून सगळा कोबा घोटला. असा चकाकला की त्यात तोंड बघावं. दुसऱ्या दिवशी तो वैरागला दुसऱ्या कामावर गेला, त्याला कळलंच न्हाय.

तो म्हणाला, मातीला घोटून बळ येतं, काँक्रीटचं उलटं हाय. त्याचं पाणी आपसूक वर येतं, ते जिरायच्या आत वरनं आणिक पाणी घालून घोटलं की सिमेंटची नुसती साय धरती. ती उन्हानं तडकती, चाकानं सुटती.

यशोदानं मला दोन मुस्काटात दिल्या. मग केस धरून खांबावर डोकं आपटलं. मी हात वर केला न्हाय. जोतिरामनंच एका हातानं तिला मागं वढलं.

तू दांडा उचललास तवा, कोब्यावर माजा हात फिरलाय हे मला ठावं हुतं, मनात शंकाबी हुती. एक वाक्य बोलले असते तर तू थांबला असतास. पण गल्ली हसंल, म्हणून गप ऱ्हायले. जलमभर मी लोकांना हसले, आणि माज्यावर हसतील एवढ्याचं मला भ्या.

डॉक्टर म्हणत्यात, थापी धरायला वरीस लागंल, धरता आली तर. आणि कोबा उखडला म्हणून त्याची दोन कामं गेली.

मला शिव्या दे, पण लिही.

शरणम्मा

नातेपुते, २२ एप्रिल

अक्कास शरणार्थी.

तुजी चिठ्ठी वाचून भिंतीवर बुक्की मारली. बोटं सुजल्यात, म्हणून अक्षर असं. त्या दिवशी तू तोंडावर पदर धरून उभी हुतीस, मला वाटलं घाबरलीस, म्हणून आणिक मारलं त्याला. पयल्या फटक्यालाच तो म्हणत हुता की माजं काम बघा. बघितलं न्हाय.

दांडा माज्या हातात हुता. आयतवारी ठाण्यात हजर व्हतो. तुजं नाव घेणार न्हाय. तूबी कुणाला सांगू नको, म्हातारपणी कशाला शोभा.

माज्या मागं माज्या पोरांना तुजी माया दे.

चन्नप्पा

सोलापूर, २५ एप्रिल

चि. चन्नप्पास अक्काचे आशीर्वाद.

लई शहाणा झालास. उशीर केलास पण. परवाच मी ठाण्यात जाऊन जबाब दिला. पाणी, सिमेंट, दगड, आणि गप ऱ्हायले तेबी. लिहून घेणारा पोलिस गालात हसत हुता. हसू दे. गल्लीत तर दारोदार मीच सांगत सुटलीया, म्हणजे जोतिरामचं काम चांगलं हुतं हे तरी कळंल.

तक्रार मागं घेणार न्हाय, असं जोतिरामनं आपणहून सांगितलं. मी मागितलंबी न्हाय. पण कोबा नीट करायला तो रोज येतो. तो खुर्चीत बसून सांगतो, छिन्नी-हातोडा मी चालवते. कच्चा थर समदा फोडायचा, खालच्या काँक्रीटला छिन्नीनं टाचे मारून ते खरबरीत करायचं, घासून धुवायचं. मग सिमेंटचा पातळ घोळ फासून त्यावर बारीक खडीचा बेताच्या पाण्याचा थर टाकायचा, वर रेघा वढायच्या आणि दहा दीस ओलं गोणपाट हलू द्यायचं न्हाय. चार फूट फोडून झालंय. तळहात सोलून रगत निघालं, चिंधी बांधून फिरून हातोडा धरला. बाकीचं तुज्या वाटणीला ऱ्हायलंय, जामीन मिळाला की ये. त्याच्यापुढं मान वर करू नको.

आयतवारी मी एसटी स्टँडवर थांबते. घरी न्हाय, तितनं सरळ ठाण्यात जायचं. डबा दोघांचा घेते.

रागावलास तरी चालंल, पर तुटू नको.

तुजीच अक्का,
शरणम्मा