पहिल्या हाकेला

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिता लिहिता मी शब्द तोंडानं म्हणतोय. सून आतून विचारते, "मामा, कुणासंगं बोलताव?" कुणासंगं न्हाई, म्हणतो. आज नातू दोस्तांबरोबर बीड बघायला गेला. आता नेकनुरावरून मोटार जाते, त्याला काय! जाताना मला विचारतो, "आज्या, तुमी तरी बीड पाह्यलं का?" पाह्यलं म्हणजे काय रे बाबा. मी जसं बीड पाहिलं तसं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्या दिवसाचं मी फक्त तुला सांगितलं होतं, आणि तेही अर्धंच.

आम्ही तिघं निघालो होतो, मी, कुंभाराचा आणि दर्ज्याचा. मिसरूड नुकतं फुटलेलं, गावात पाय ठरत नव्हता. बाबा नको म्हणत होते, तूच म्हणालीस, "जाऊ द्या, एकदा बघून यील म्हंजी डोस्क्यातलं खूळ जाईल." भाकरी बांधून दिल्यास, वर मिरचीचा ठेचा. आणि वेशीपर्यंत येऊन तेच बोललीस जे लहानपणापासून बोलत आलीस, "तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नगंस." तुझं म्हणणं, रोगराईची बाई ओळखीच्या आवाजात नाव घेते, पण तिला एकदाच हाक मारता येते. माणूस असलं तर तीनदा बोलावतं. पहिल्या हाकेला ओ देणाऱ्याला ती आपल्यासंगं नेते. म्हणून तू मला जेवायलासुद्धा तीनदा बोलवायचीस आणि मी तिसऱ्यालाच उठायचो. बाबा हसायचे, तुला त्याचं काही वाटायचं नाही.

आदल्या रात्री मांजरसुंब्याला दर्ज्याच्या खालाकडं, त्याच्या मावशीकडं, मुक्काम केला आणि कोंबड्यानं बांग द्यायच्या आत वाट धरली. खजाना विहिरीशी पोचलो तेव्हा ऊन वर आलेलं. पायऱ्या उतरून पाणी प्यालो. एवढी नावाची विहीर आणि आसपास कुणीच कसं नाही, असं मी म्हटलं, तर कुंभाराचा म्हणतो, "आज जुम्मा हाय बे! सुट्टी." निजामाच्या राज्यात शुक्रवारी कचेरी बंद, शाळा बंद, हे आम्हांला पाठ होतं. त्यामुळं वेशीत शिपाई नाही, जुम्मा. बाजारात दुकानं बंद, जुम्मा. पाणवठ्यावर एक बाई नाही. "बाया बी जुम्मा पाळत्यात व्हय?" मी विचारलं. "मोठं गाव हाय, पाळत असत्याल," कुंभाराचा म्हणाला, आणि आम्ही पोट धरधरून हसलो. हसण्याचा आवाज पुढच्या गल्लीत गेला आणि थोड्या वेळानं मागच्या गल्लीतून आला.

खोटं कशाला सांगू, सुरुवातीला लई मजा वाटली. सावकारांच्या पेढ्यांपुढं ऐटीत बसलो, एकमेकांना हुकूम सोडले. तळ्यातल्या कंकाळेश्वराला गेलो, घंटा वाजवली. आख्खं देऊळ, आख्खं तळं आमचं. पण उन्हं चढली तशी एकेक गोष्ट दिसायला लागली. कितीतरी दारांवर चुन्यानं गोल काढलेले. सुभेदार येणार असतील, म्हणून खुणा केल्या असतील, असं कुंभाराचा म्हणाला, पण या वेळी कुणी हसलं नाही. एका ओसरीवर जातं होतं, जात्यात अर्धवट भरडलेली ज्वारी. पाळणा दोरीसकट अंगणात पडलेला. आणि आवाज म्हणून नाही, माय. कुत्रं नाही, कोंबडी नाही, कावळासुद्धा नाही. आपल्या पायतणांचा आवाज नको वाटून आम्ही पायतणं हातात घेतली होती, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

दुपारच्या नमाजाला दर्ज्याचा मशिदीत गेला. आम्ही बाहेर उभे. तो गेला तसाच परत आला, तोंड पांढरंफटक. म्हणाला, "यारो, अंदर एक बी चप्पल नहीं है." आम्हांला आधी कळलंच नाही. मग तो ओरडला, "अरे, जुम्मे को मस्जिद खाली रहती क्या कभी?" जुम्म्याला जिथं पाय ठेवायला जागा नसते, तिथं कुणी नाही.

आणि तेव्हाच हाक आली. डाव्या हाताच्या गल्लीतून, एका उघड्या दारातून. माझ्या नावानं. पाळण्यातल्या नावानं नव्हे, तू ज्या नावानं बोलवायचीस त्या नावानं, जे त्या दोघांनासुद्धा माहीत नव्हतं. आवाज तुझा. "ये रं, भाकर झाली." भूक लागलेली, भ्यालेलो, तुझा आवाज. मी ओ दिली, माय. "आलो!" म्हणालो आणि आत शिरलोही.

आत कुणी नव्हतं. चूल विझलेली, राख गार. पण चुलीवर तवा, तव्यावर भाकर, आणि भाकरीला वरून लावलेलं पाणी अजून ओलं होतं. आत्ता कुणीतरी हात फिरवून उठलं असावं असं. मी तव्याला हात लावला. तवा थंडगार होता.

पुढं आम्ही कसे पळालो ते आठवत नाही. गावाबाहेर, दुसऱ्या अंगाला, शेतातून झोपड्याच झोपड्या होत्या. एक म्हातारा काठी घेऊन पुढं आला, "थितंच थांबा! कुठून आले बे?" बीडातून, म्हटल्यावर सगळी माणसं मागं सरकली. "आरं, उंदरं पडली, पलेग आला, दारावर चुन्याच्या खुणा केल्या, समदं गाव भाईर निघालं, आन् तुमी फिराया गेलते?" मांजरसुंब्याला खालानंही रडत रडत दार लावून घेतलं. रात्रभर चालत आपल्या नेकनूरच्या शिवारात आलो. तू बातमी ऐकून बांधावर येऊन बसली होतीस. तिघांनाही ओढ्यात उतरवलंस, कपडे जाळलेस, आणि आम्हांला शेतातल्या खोपीत ठेवलंस. बाकी सगळी लांबून भाकर ठेवून जायची. तू मात्र खोपीतच राहिलीस.

तिथं मी तुला हाकेचं सांगितलं. तू काडकन थोबाडीत दिलीस. "पहिल्याच हाकेला ओ दिलीस? कावून दिलीस रं?" आयुष्यात तेवढंच एकदा मारलंस. मग मला पोटाशी धरलंस, आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलंस, "भाकर उलटलीस का?"

माय, भाकरीचं मी तुला सांगितलंच नव्हतं.

"ती हाक माझीच व्हती," तू म्हणालीस. "दुपारी भाकर तव्यावर टाकली, पाणी लावलं, आन् सवयीनं तुला हाक मारली. मग ध्यानात आलं, तू घरी न्हाईस. मग दुसऱ्यांदा कशाला मारू? भिऊ नगंस, तू मला ओ दिलीस, दुसऱ्या कुणाला न्हाई." मी बिनघोर झोपलो. आम्हां तिघांपैकी कुणाच्या अंगाला कणकणसुद्धा आली नाही.

साथ आपल्या गावात आली ती पुढं, सुगीत. आपणही झोपड्या घातल्या. त्या दुपारी तू ज्वारी निवडत होतीस, मी शेजारी. एकाएकी मान वर केलीस आणि म्हणालीस, "आले गं!" मला काही ऐकू आलं नव्हतं. कुणी बोलावलं, विचारलं तर म्हणालीस, "न्हाई, उगंच." उन्हं कलायच्या आत तुला ताप भरला आणि त्यातच तू गेलीस. जन्मभर तिसऱ्या हाकेची वाट बघायला लावणारी तू, पहिल्याच हाकेला ओ दिलीस. मला वाटतं, ती हाक माझ्यासाठी होती, आणि ती तू माझ्याऐवजी अंगावर घेतलीस. किंवा बीडातली हाक खरंच तुझीच असेल आणि ही तुझ्यासाठीच. कोण जाणे. मी म्हातारा झालो तरी मला हे सुटत नाही.

हे सगळं आज लिहायला कारण आहे. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मागच्या दाराकडून हाक आली. तेच नाव, "ये रं, भाकर झाली." त्या नावानं बोलावणारं आता या जगात कुणी उरलेलं नाही. मी ओ दिली नाही. तूच होतीस हे पक्कं ओळखलं, तरी नाही दिली. भ्यालो, माय. म्हटलं, तूच शिकवलंस, तिसऱ्या हाकेबिगर नाही.

दुसरी हाक काही आली नाही. कालपासून मी मागच्या दाराशीच बसून आहे.